टोर्नॅडोच्या पानावरचं एक वाक्य

नाही, पण मला सांगा, एक वाक्य... एकच वाक्य हो! ते पुसू दिलं असतं तर त्या झाडूच्या घरचं काय जात होतं? एवढं लांबलचक पान, त्यात वर्षभरातले सगळेच्या सगळे टोर्नॅडो, कुठला कुठे उतरला, किती रुंद होता, कुणाची कौलं कुणाच्या अंगणात गेली... आणि या सगळ्यात मधेच एक वाक्य माझ्याबद्दल! माझ्याबद्दल! आणि ते काढता येत नाही, का, तर म्हणे त्याला स्रोत आहे! आणि स्रोत असलेलं वाक्य काढायचं नसतं हे त्या झाडूला शिकवलं कुणी? मी! आपलेच दात नि आपलेच ओठ, आता बोंब मारायची कुणाच्या नावानं?

थांबा, तुम्हाला नीट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा कुठल्या झाडूशी भांडतोय. इंटरनेटवर तो ज्ञानकोश आहे ना, कुणीही यावं नि कुणीही लिहावं असा, तिथे एक पान आहे, 'या वर्षीचे टोर्नॅडो उद्रेक'. उद्रेक म्हणजे काय, की एका वादळाच्या पोटातून एकामागोमाग एक अशी पिलावळच सुटते, तो उद्रेक. ते पान मी सांभाळतो. पगार नाही, नावसुद्धा नाही, तिथे सगळे टोपणनावानं वावरतात. पोटापाण्याला मी औषधांच्या कारखान्यात पाकिटांवरची छपाई तपासतो. दिवसभर आपलं 'थंड व कोरड्या जागी ठेवा', 'थंड व कोरड्या जागी ठेवा'... वाचून वाचून माणूसच थंड आणि कोरडा होतो हो! म्हणून घरी आलो की वादळं लिहितो. कुणी पत्ते खेळतं, कुणी मासे धरतं, मी वादळं लिहितो. बायको त्याला वावटळीचं पान म्हणते. 'अहो, वावटळीचं पान बंद करा आणि जेवायला बसा.'

आणि त्या ज्ञानकोशाचा पहिला नियम तुम्हाला सांगतो. तुम्ही काय पाहिलंत, तुम्हाला काय वाटतं, याला तिथे कुणी विचारत नाही. कुठे छापून आलंय का? विश्वासार्ह ठिकाणी? आणून दाखवा. स्रोत कुठाय? बस्स, एवढंच. आणि हा नियम माझ्या अंगात इतका भिनला, इतका भिनला की घरात कुणी तोंड उघडायची सोय राहिली नाही. बायको म्हणायची, 'आभाळ भरून आलंय, कपडे आत घ्या.' मी म्हणायचो, स्रोत कुठाय? ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, फोनवर म्हणायची, 'छोट्या, तू लहानपणी किती गोड होतास रे.' स्रोत कुठाय? एकदा तर सासऱ्यांनी पोट दुखतंय म्हटलं, तर मी त्यांनाही... जाऊ द्या. हसतात म्हणून आपण बोलत राहतो, आणि ते खरंच हसतायत का हे बघायला मान वर करत नाही.

आता हा झाडू. हा त्याच पानावरचा दुसरा लिहिणारा, कुठे राहतो, काय करतो, बाई आहे की बुवा आहे, देव जाणे. स्रोत नसलेलं काही दिसलं की झाडून टाकतो, म्हणून मी मनातल्या मनात झाडू म्हणतो. नवीन आला तेव्हा भिडस्त होता बिचारा, विचारायचा, 'हे वाक्य काढू का, लिहिणाऱ्याला वाईट वाटेल.' मीच त्याला खडसावलं, अरे वाईट वाटण्याचा काय संबंध? स्रोत नसेल तर काढ, स्रोत असेल तर साक्षात लिहिणाऱ्याचा बाप आला तरी काढू देऊ नकोस! शिकला. फार चांगला शिकला.

तर या वर्षी, उन्हाळा तोंडावर होता तेव्हाची गोष्ट, ताईचा फोन आला. ताई आमची पलीकडच्या गावात, शेताच्या कडेला एकटं घर, ती आणि भाऊजी दोघंच. फोनवर धाप लागलेली. 'छोट्या, अरे छप्पर गेलं! टोर्नॅडो आला रे, स्वयंपाकघराची भिंत गेली, सगळं गेलं...' आणि मी काय म्हणालो असेन? तुम्ही ओळखलंत. तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय. मी म्हणालो, 'टोर्नॅडोच कशावरून, ताई? नुसतं सरळ वारंही असू शकतं. ढगाची सोंड जमिनीला टेकलेली तू स्वतः पाहिलीस का? फिरत कुठल्या बाजूनं होती?'

पलीकडून खट्कन फोन बंद झाला. मला वाटलं, लाइन गेली.

मग आम्ही दोघं गाडीनं निघालो. वाटभर बायको खिडकीकडे तोंड करून बसली. मी म्हटलं, गाडी लागत असेल. आणि इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायलाच हवी. टोर्नॅडोला दर्जा देतात ना, शून्य, एक, दोन, तो वारा मोजून नाही देत. वारा मोजणार कसा, यंत्रच उडून जातं! दर्जा देतात तो मोडतोडीवरून. मोकळ्या माळावर कितीही घुमला, कितीही गरजला, तरी त्याला काडीची किंमत नाही. कुणाचं तरी घर पडावं लागतं. म्हणजे आम्ही वर्षभर पानावर बसलेले लोक, मनात कुठेतरी... आता हे तुमच्यासमोर बोलताना जीभ अडखळते माझी. तेव्हा नव्हती अडखळत. तेव्हा मी गाडी चालवत होतो आणि मनात म्हणत होतो, भिंत गेलीय म्हणजे निदान दोन तरी मिळेल.

पोचलो. काय सांगू, घर उघडं पडलेलं, पलंगावर आभाळ! शेगडी शेजारच्या शेतात उताणी, आणि गंमत बघा, कपाट जागच्या जागी, आत कपबश्या एकीला तडा नाही. बायको धावत गेली आणि ताईच्या गळ्यात पडली. आणि मी? मी गाडीची डिकी उघडली आणि मोजायचा टेप काढला! अहो, लोक बहिणीकडे जाताना काहीतरी खायला घेऊन जातात, मी टेप घेऊन गेलो! या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत मोजलं, ढिगाऱ्याचे फोटो काढले, झाडं कुठल्या दिशेला पडलीत ते पाहिलं. ताई मधे मधे येत होती, भिजलेल्या गाद्या ओढत होती, तर मी म्हटलं, 'ताई, जरा बाजूला हो ना, भिंतीची भेग दिसत नाहीये.' झाली बाजूला.

मग मी छपराच्या वाश्यांकडे गेलो. कारण दर्जा देणारे हेच बघतात, छप्पर ठोकलं कसं होतं. आणि बघतो तर काय, जिथे चार खिळे हवेत तिथे दोन! कुठे कुठे एकच! मी कपाळाला हात लावला. मी मोठ्यांदा म्हणालो, 'हात्तिच्या! कुठल्या गाढवानं ठोकलंय हे? अशानं दर्जा एकानं खाली येणार!'

आणि मागून आवाज आला, 'मी ठोकलंय, मेव्हणे.'

भाऊजी! मागे उभे, हातात तुटका पत्रा, खांद्यावर धुळीनं भरलेला सदरा. रागावलेसुद्धा नाहीत हो. रागावले असते तर बरं झालं असतं. नुसते म्हणाले, 'किती यायला हवा होता?' मी म्हणालो, 'दोन.' ते म्हणाले, 'मग पुढच्या वेळी जास्त ठोकतो.' आणि गेले पत्रा घेऊन. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं मला. पण धरणीसुद्धा त्या दिवशी दमलेली होती बहुतेक.

बरं, एवढ्यावर थांबावं की नाही शहाण्यानं? जित्याची खोड! घरी आलो आणि आधी पानावर ताईचं घर लिहिलं. लिहून होतं न होतं तोच झाडूनं पुसलं. 'स्रोत कुठाय?' मी लिहिलं, अरे बाबा, मी स्वतः डोळ्यांनी पाहिलंय! तो म्हणतो, 'स्वतःचे डोळे हा स्रोत नव्हे. हे आपणच मला सांगितलं होतं.' आता बोला! मग मला काय अवदसा आठवली, मी तिथल्या वर्तमानपत्राला फोन केला. म्हटलं, तुमच्या हद्दीत एवढं झालंय, या की, बातमी करा. म्हणजे छापून आलं की मला स्रोत मिळाला! वार्ताहर बाई आली, चटपटीत, पाठीला पिशवी, मीच तिला गाडीतून ताईकडे घेऊन गेलो आणि म्हटलं, 'ताई, सगळं सविस्तर सांग हं यांना, काही म्हणजे काही वगळू नकोस.'

ताईनं वगळलं नाही. दोघी शाबूत उरलेल्या खोलीत बसल्या, दार लावलं, आणि मी बाहेर टेप गुंडाळत उभा.

बातमी आली. वाचली. रुंदी होती, दिशा होती, पाहणी करणाऱ्यांनी दिलेला दर्जा होता, एक. एकच! मी हळहळतोय, तर खाली शेवटचा परिच्छेद. ताईचे शब्द. 'छप्पर काय, आज गेलं उद्या घालू. पण माझा धाकटा भाऊ आला तो टेप घेऊन आला. त्यानं भिंत मोजली, खिळे मोजले, मला फोटोतून बाजूला केलं. तुला कुठे लागलंय का, एवढं मात्र विचारायचं राहिलं त्याचं.' आणि वर फोटो. ताईच्या उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी.

पट्टी! मी म्हटलं, ही कधी बांधली? मी माझे फोटो काढून पाहिले. त्या पहिल्या दिवसाचे. एका फोटोच्या कडेला भेगेशेजारी अर्धी ताई आहे, गादी ओढतेय, डाव्या हातानं. उजवा फडक्यात गुंडाळलेला. आणि मी तिला म्हटलं होतं, बाजूला हो. मला त्या क्षणी स्वतःची इतकी किळस आली, इतकी लाज वाटली, की मी बायकोसमोरून उठून मोरीत जाऊन उभा राहिलो. नळ सोडला. हात धुतले. परत धुतले.

आणि घरचं झालं थोडं, तर संध्याकाळी पान उघडतो तो झाडूनं नवीन ओळ घातलेली! 'एका रहिवासी महिलेनं सांगितलं की तिचा भाऊ मोजमाप घेऊन गेला, परंतु तिला इजा झाली आहे का हे त्यानं विचारलं नाही.' खाली बातमीचा दुवा, तारीख, सगळं चोख! मी पुसली. त्यानं परत घातली. मी लिहिलं, हे वाक्य अप्रस्तुत आहे. तो लिहितो, 'मानवी परिणाम या विभागात बसतं.' मी लिहिलं, त्या भावाला वाईट वाटेल. तो लिहितो, 'वाईट वाटण्याचा काय संबंध?' शब्दाला शब्द माझा! मग तो लिहितो, अगदी अदबीनं, 'आपण हे वाक्य सारखं काढता आहात. आपला या कुटुंबाशी काही संबंध आहे का? असल्यास जाहीर करावा, असा नियम आहे.'

नियम आहे. खरंच आहे. मीच लावून धरला होता. मग काय करतो, सगळ्या जगापुढे, जिथे मला लोक गुरुजी म्हणतात तिथे, मी टाइप केलं, 'तो भाऊ मीच.'

मग त्याचं उत्तर आलं. 'जाहीर केल्याबद्दल आभार. वाक्य कायम राहील.' आणि खाली आणखी एक ओळ. 'ताईंचा हात आता कसा आहे?'

आता बघा तुम्ही! ओळख ना पाळख, त्या माणसाला... बाईला... त्या झाडूला माझ्या बहिणीच्या हाताची चौकशी करावीशी वाटली. आणि मला उत्तर माहीत नाही! हाड मोडलंय, की नुसतं खरचटलंय, की टाके पडलेत, मला काही माहीत नाही! मी बायकोला हाक मारली, 'अगं, ताईच्या हाताला नक्की काय झालंय?' ती म्हणाली, 'मला त्याच दिवसापासून माहीत आहे. तुम्ही जाऊन विचारा.' आणि कपडे वाळत घालायला निघून गेली.

गेलो. टेप घरी ठेवून गेलो. भाऊजी शिडीवर, नवं छप्पर ठोकतायत, तोंडात खिळे धरलेले. मला पाहिलं, खिळे काढले आणि म्हणाले, 'या मेव्हणे. या वेळी चार चार मारलेत, मोजून घ्या.' मी मान खाली घालून आत गेलो. ताई डाव्या हातानं भांडी लावत होती. मी म्हटलं, 'ताई, हात कसा आहे गं?' ती भांडी लावतच राहिली. मी म्हटलं, 'ताई, मी चुकलो. मला खरंच लाज वाटते गं. तुझी काळजी वाटते मला, पहिल्यापासून वाटते, शप्पथ!'

ताईनं हातातली बशी खाली ठेवली. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, अगदी सावकाश. आणि म्हणाली,

'स्रोत कुठाय?'

आता सांगा... कुठून आणू?