सोपानच्या मापाची मोटार

व्हय, मीच बांधली ही. पन दाराला हात लावनार न्हाई, सायेब, सांगितलं ना — लोणावळ्यात दोन सुतार हायती, त्यांच्याकडं न्या. लांबनं आलाय, पानी प्या. पन आदी मोटारीतनं बाहेर या. तुमी आत बसलेलं मला बघवत न्हाई.

कशी बांधली म्हनता? कारखान्यातली न्हवं ही, हिची जोडी कुटं सापडायची न्हाई. बंगल्यावरच्या शेठनी विलायतेवनं नुसता खालचा सांगाडा मागवला — चाकं आन इंजन, बसाय काय न्हाई. टेशनावर मालगाडीतनं उतरवला, बैलं जुपून मी हितं कुसगावात वढून आनला. दहा वर्सं झाली. शेठ म्हनले, महिपती, शर्यतीची मोटार पायजे, दुसऱ्या कुनाकडं नसंल अशी. मासिकातलं चित्र फाडून दिलं. मी बैलगाड्या बांधनारा मानूस. पन लाकूड ते लाकूड — शिसवाची चौकट मी केली, वरचा पत्रा पुन्याच्या तांबटानं हितंच बसून ठोकला. पाच म्हैने लागले. आता माप. आमच्यात कागदावर माप न्हाई. ज्याची वस्तू त्यानं पाटावर बसायचं, मी सुतळी लावनार, गाठी मारनार — पोटाला येक, गुडघ्याला येक, कोपराला येक. शेठना म्हनलं बसा, तर हसले. सुतारापुढं पाटावर बसनारा मानूस हुता व्हय त्यो? म्हनले, डायव्हरचं घे. डायव्हर म्हंजी सोपान, माझा धाकटा भाऊ. मीच त्याला बंगल्यावर चिकटवला हुता.

मग काय. पावनेरावने जमले, मडमा आल्या, नारळ फोडला. शेठ आत शिरले — शिरले म्हंजी पाय ग्येले, पोट अडकलं हातातल्या चाकाला. मागं सरकाय जागा न्हाई, उठाय येईना. चौघांनी बगलंत हात घालून काढले. येक मडम रुमाल तोंडाला लावून हसत हुती. शेठनी इचारलं, माप कुनाचं घेतलं? आपनच सांगितलेलं इसरले जनू. सोपाननं येकदा माझ्याकडं बघितलं आन म्हनला, "माझं, शेठ." सगळ्यांच्या देखत त्याचा कोट आन टोपी उतरवून घेतली, फाटकाबाहेर घातला.

मी? मी हुतो की तितंच. नारळाच्या करवंट्या उचलत हुतो.

आता मला कसं ठाव असनार शेठचं पोट केवढं ते — न्हाई, ऱ्हाऊ द्या, खोटं कशाला बोलू. सोपान म्हनला हुता. चौकट उभी करायच्या आदी, हितंच उभा ऱ्हाऊन म्हनला, "दादा, शेठ माझ्या दीडपट हायती. चार बोटं वाढव." वाढवलीबी हुती. लांब जाऊन बघितलं तर सगळा डौल ग्येलेला, निस्ता हौद दिसाय लागला. मोडली. परत सोपानच्या गाठींवर आनली. त्यानं इचारलं, वाढवली का, तर व्हय म्हनलो. मनात म्हनलं, शेठ कशाला चालवतोय, त्यो मागं बसनार. पन हिला मागं जागाच न्हाई, सायेब. दोघंच बसत्यात, तीबी म्होरं. मीच बांधली, मला ठाव न्हवतं व्हय? मला ती देखनी पायजे हुती, बस.

शेठनी म्हैन्यात विकून टाकली. मला मातूर बोलवत ऱ्हायले, खुर्च्यांला, दारांला. मीबी जात ऱ्हायलो. सोपानला बंगल्यावाल्यांत परत कोनी उभं केलं न्हाई, तवा त्यानं कोळशाची लारी धरली. म्होरल्या पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात लारीसकट खाली ग्येला.

तुमाला बरी बसती म्हनता? बसनारच. तुमी त्याच्याच अंगलटीचं. म्हनून तर म्हनलं बाहेर या. दार घासत असंल तर घासू द्या, त्याच्या कोपराचं माप हाय ते, मी रंधा मारनार न्हाई.

झालं पानी पिऊन? निघा मग. रस्त्याला लागताना डाव्या अंगाला पयलं घर धोंडाबाईचं, सोपानच्या बायकोचं. तितं हारन वाजवू नका. ही मोटार पयल्यांदा बंगल्यावर न्हेताना सोपाननं दारात थांबून तिला वाजवून दावला हुता, लय खुशीत हुता गडी. ती वळखती. असला हारन वाजला की अजून बाहेर येती. जावा आता.