धुतलेली ताटली

—आणि धुतलीस? रॉबिन, ही ताटली तू धुतलीस? अरे देवा! नाही, सबबी नकोत, दिसतंय ना मला, लख्ख आहे, तोंड बघून घ्यावं अशी. रविवारी भरलेली चाइन पाठवली तेव्हा बजावलं होतं ना मी — खा, नाही आवडली तर कुत्र्याला घाल, पण ताटली खरकटीच परत आण म्हणून? म्हातारीचं डोकं फिरलंय असं वाटलं असेल तुला. वाटू दे. बस. — आधी बस, मग काय ते सांग. चहा टाकलाच आहे. सिरिल नाहीये घरात, पेपर आणायला गेलाय, सकाळीच गेला, भेटलं असेल कुणीतरी गप्पांना. बूट राहू देत रे, चिखलाचं काय एवढं, या घरानं पुष्कळ चिखल पाहिलाय.

तुला कसं ठाऊक असणार म्हणा, तू लंडनचा. आमच्या इथं, लिंकनशरमध्ये, घरटी एक डुक्कर असायचं. वर्षभर पोसायचं, उरलंसुरलं घालायचं, पोरं त्याच्या पाठीवर काठीनं खाजवत बसायची, आणि कडाक्याची थंडी पडली की एक दिवस माणूस सुरी घेऊन यायचा. मग आठवडाभर घराला दुसरं काम नाही. आई बाह्या सारून पहाटे उभी राहायची ती रात्रीच बसायची. चरबी कढवून तळाशी कुरकुरीत तुकडे राहायचे ना, ते मीठ टाकून गरमगरम — जीभ पोळायची, तरी हात मागे येत नसे. मग हॅसलेट, म्हणजे मांस, शिळा पाव, सेजची पानं, सगळं कुस्करून भट्टीत भाजायचं. नाताळच्या सकाळी नाश्त्याला पिठाच्या कवचात भाजलेला पोर्क पाय, थंडच, वर मोहरी. मनुकांचा पाव आणि त्यावर चीज — तुम्ही लोक तोंड वाकडं करता, खाऊन बघा आधी. आणि चाइन. मानेचा तुकडा खारवायचा, त्याला खोल खोल चिरा द्यायच्या, बादलीभर पार्सली ठासून भरायची, फडक्यात बांधून तासन्‌तास उकळायची. थंड झाल्यावर कापली की गुलाबी-हिरवे पट्टे, वर व्हिनेगरचे चार थेंब. आईच्या हातची चाइन खायला आख्खी गल्ली नाक लावून बसायची. माझ्या हाताला ती चव नाही. सिरिल म्हणतो आहे, पण तो चांगुलपणानं म्हणतो.

हो हो, सांगशील, घाई काय आहे? साखर किती? — तर ताटल्या. जे खारवता येत नाही, त्याच दिवशी खायला हवं — कलेजी, गुर्दा, एखादा मऊ तुकडा — त्याच्या ताटल्या भरायच्या, वर जाळीदार चरबी पांघरायची, आणि शेजारीपाजारी वाटायच्या. त्यांचं डुक्कर मारलं की त्यांच्याकडून आपल्याला. आणि ताटली परत करायची ती न धुता. रक्त लागलेलं असलं तरी तशीच. धुतली, तर ज्याच्या घरचं डुक्कर त्याच्या मांसाला मीठ धरत नाही, मांड्या हाडापासून सडत जातात. हसू नकोस. अख्ख्या गावात एक बाई सापडली नसती ताटली धुणारी. आता तू घेतलंस त्याच घरात राहायची ना ओलिव्ह ग्रमिट, सिरिलची आई — माझी सासू म्हण, पण सून म्हणून तिनं मला पाहिलंच नाही — ती तर त्या बाबतीत भारी कडक. एकदा सिरिलनं, एवढासा होता, ताटली हापशाखाली धरली, तर अशी चापट मारलीन त्याला की पलीकडच्या अंगणात मी दचकले. एरवी खळखळून हसणारी बाई. माझ्या हातात नेहमी काहीतरी कोंबायची, पावाची कडक कड, साखर लावून.

गेली ती. ग्रिम्सबीला, मासळीच्या व्यापाऱ्याबरोबर. दुकानात सांगितलंच असेल तुला कुणीतरी, गावाचं तोंड बंद राहतंय होय? सत्तेचाळीसचा हिवाळा, बर्फच बर्फ. सिरिल तेव्हा नऊ वर्षांचा, डांग्या खोकला झाला म्हणून मावशीकडे ठेवलेला. महिन्यानं परत आला तर घरात आई नाही. दर बाजारच्या दिवशी बसच्या थांब्यावर उभा राहायचा, शेवटची बस गेली तरी. सोळाव्या वर्षी सायकलनं ग्रिम्सबी गाठलं, तीन दिवस धक्क्यावर बाया न्याहाळत हिंडला. परत आला आणि तिचा फोटो चुलीत घातला. माझ्यासमोर. म्हणाला, एक पत्र नाही, मेव्हिस, एक ओळ नाही, असली कसली आई? मी बटाटे सोलत होते. सोलत राहिले.

पासष्ट वर्षं त्या बाईला शिव्या देत आलाय. म्हणजे — नाही, हल्ली नाही देत. माझी आई गेली त्या वर्षापासून बंदच झालं ते. आई शेवटी शेवटी माझ्या हातून घोटभर पाणी घेईना, सिरिलनंच सूप भरवायचं, दोघं दार लोटून कितीतरी वेळ बसायची. मला बरंच वाटायचं. वयानं माणूस मवाळ होतो, दुसरं काय.

तू असा का बघतोयस ताटलीकडे? तुझा दोष नाही रे. मला एकदम ते आठवलं, एवढंच. कारण तेव्हाही ताटली मीच घेऊन गेले होते. अकरा वर्षांची मी. मंगळवारी आमचं डुक्कर मारलं, संध्याकाळी मी ओलिव्हच्या दारात, आणि दार उघडलं ते अ‍ॅल्बर्टनं. सिरिलच्या बापानं. बाप्ये कधी ताटली घ्यायला येत नसत, बायकांचं काम ते. त्यानं घेतली आणि दार लावलं. सकाळी स्वतः परत घेऊन आला. धुतलेली. पुसलेली. अशीच. आईनं विचारलं, ओलिव्ह कुठाय? तर म्हणाला, डोकं दुखतंय, पडलीय, तुम्हाला आभार सांगितलेत — "ओलिव्हनं स्वतः धुतलीय." आई ताटली हातात धरून उभीच. मी खिडकीतून बघितलं तर त्यांच्या दोरीवर चादरी. बुधवारी! आमच्याकडे धुणं सोमवारी, एक दिवस इकडेतिकडे नाही, आणि हा गडी बुधवारी गोठून पाट झालेल्या चादरी वाळत घालतो? सगळं घर धुतलं असणार रे त्यानं रात्रीतून. जमीन, चादरी, जे हाताला लागेल ते. त्या भरात ताटलीही धुतली.

गप्प बस, मला पूर्ण करू दे, आज नाही बोलले तर परत नाही बोलणार. त्यांचं डुक्कर नाताळाआधीच मारलेलं, परसातली डुकराची कोठी रिकामी. गुरुवारी अ‍ॅल्बर्ट विटा मागायला आला. कोठीची जमीन करायची म्हणे. त्या हिमात! थंडीत चुना धरत नाही, हे गाढवालाही कळतं. आणि माझ्या बापानं विटा दिल्या, वर जाऊन हातही लावला. काही विचारलं नाही. घरी येऊन जेवला नाही. शुक्रवारी गावात बातमी — ओलिव्ह पळाली. आईनं मला न्हाणीघरात नेलं, दंडाला धरून, म्हणाली, ताटलीचा 'त' जरी तोंडातून निघाला तर तुझ्या बापालाही फासावर नेतील. मग मी कशाला बोलते? आमच्या डुकराच्या दोन्ही मांड्या सडल्या त्या वर्षी, मीठ धरलंच नाही. आईनं परसात खड्डा करून पुरल्या, एकटीनं, रडत.

आणि मग मी त्याच माणसाच्या मुलाशी, सिरिलशी, लग्न केलं. का विचारू नकोस. थांब्यावर उभा असायचा ना तो, बघवायचं नाही मला. अ‍ॅल्बर्ट आमच्यातच जेवायचा, बारा वर्षं वाढलं मी त्याला. जेवला की स्वतःची ताटली उचलून स्वतः धुवायचा. बाया म्हणायच्या, मेव्हिस, भाग्यवान आहेस, सासरा असावा तर असा! बाप गेला, अ‍ॅल्बर्ट गेला, आई गेली, मग कुणाची भीती होती मला? तेव्हा तरी सांगायचं ना! पण कसं सांगू? सिरिल, तू उगाच शिव्या देत होतास, ती तुझ्यापासून चाळीस पावलांवर होती, आणि मला ठाऊक होतं — हे कुठल्या तोंडानं सांगू? सोडून जाईल तो मला. या वयात मला सोडून जाईल.

म्हणून हात जोडते तुला. ते नवं स्वयंपाकघर बांधायचं म्हणतोयस ना, ते त्या कोठीत नको. दुसरीकडे कर. निदान सिरिल आहे तोवर, डॉक्टरनं त्याच्या हृदयाला दोनेक वर्षं दिलीयत. मी तुला सगळं शिकवते, चाइन, हॅसलेट, सगळं लिहून देते, फक्त ती जमीन उकरू नकोस. कबूल? बोल की आता. मघापासून तोंड उघडतोयस आणि मिटतोयस.

काय? आज? कोण, सिरिल? अरे, तो पेपर आणायला — पहार कुणाची? आमच्या शेडमधली. त्यानं आपणहून आणली. आणि तुला म्हणाला, कोपऱ्यापासून सुरू करू. सकाळपासून... आणि हे तू मला आत्ता सांगतोयस? हो, हो, मीच बोलू दिलं नाही तुला. काय सापडलं? नको. नको सांगूस.

थांब. मग ताटली कधी धुतलीस तू? — तू नाही? तुझ्या ओट्यावर खरकटीच होती. मग? त्यानं उचलली. बाहेर हापशावर नेली. सदऱ्याला पुसली. रडत होता? नाही. काही म्हणाला? नीट आठव रॉबिन, जसं म्हणाला तसं सांग.

"मेव्हिसला नेऊन दे. म्हणावं, ओलिव्हनं स्वतः धुतलीय."

एवढंच? हे तर फक्त आईनं आणि मी ऐकलं होतं.

...फाटक वाजलं. चहा राहू दे. तू जा, मागच्या दारानं जा. ताटली असू दे तिथंच, टेबलावर. जा म्हणते ना.