साहेबांना फोटोत क्लॅम्प नको होते

हॅलो?… हो, मीच. ताई, तू? ऑफिसच्या फोनवरून?… मग ऐक, तुमच्या मोठ्या साहेबांना सांग, कपाट त्यांनीच पाडलं. मी नाही!… ओरडत नाहीये गं, मशीन चालू आहे शेजारी. थांब, बंद करतो… हं. बोल.

सही? कशावर?… वाच. नाही, पूर्ण वाच… ‘सुताराच्या निष्काळजीपणामुळे शाळेच्या वाचनालयाचे कपाट कोसळले.’ वा! टाइप कोणी केलं?… तू? भावाचं नाव टाइप करताना बोटं अडखळली नाहीत तुझी?… बरं, बरं. रडू नकोस.

काय?… ‘बिस्किटांनी जोडल्यामुळे’? हसले सगळे? चहात बुडवायची वाटली काय त्यांना! अगं, लाकडाची असतात ती. बोटभर लांब, चपटी… ऐक ना. दोन्ही फळ्यांत मशीनने खाच पाडायची, खाचेत गोंद भरायचा, मध्ये बिस्किट बसवायचं. गोंदातलं पाणी पिऊन ते फुगतं आणि खाचेला आतून घट्ट धरून बसतं… हो, खिळ्याशिवाय. पण गोंद वाळेपर्यंत फळ्या क्लॅम्पने आवळून ठेवाव्या लागतात. रात्रभर. अख्खी रात्र, ताई! मोडलेला हात प्लॅस्टरमध्ये ठेवतात ना, तसं.

मी तिथून निघालो तेव्हा बारा क्लॅम्प होते कपाटाला. फळीवर पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘उद्या दहापर्यंत हात लावू नये.’ एवढ्या मोठ्या अक्षरांत… पाहिलं होतंस ना? मग?

हो, माहीत आहे मला, पाहुणे येणार होते. फोटोत ते लोखंडी दांडे ओंगळ दिसले असते… अर्ध्या तासात काढले! कपाट उभं केलं, पुस्तकं ठासली, पुढ्यात उभे राहून हसले. तीन दिवस टिकलं हेच नशीब… नाही, बिस्किटं कच्ची नव्हती. पडलेल्या फळ्या इथे आणून बघितल्यात मी. बिस्किटं अलगद निघाली हातात. जोड मुरला असता ना, तर लाकूड फाटलं असतं, जोड सुटला नसता!

काय?… परत बोल… मी सही नाही केली तर शिपाईकाकांवर ढकलणार? म्हणे काकांनी स्वतःहून क्लॅम्प काढले?… अगं, त्या माणसाला विचारल्याशिवाय खिडकी उघडवत नाही! निवृत्तीला चार महिने राहिलेत त्यांच्या… हो, हो, कळतंय मला. म्हणजे मी वाचलो तर काका जाणार. आणि सही केली तर? पुढच्या तीन शाळांच्या कपाटांचं काम गेलं, यादीतून नाव गेलं. सोळा वर्षं मान मोडून शिकलोय हे काम. कोणी शिकवलं नाही, फळ्या फुकट घालवत शिकलो.

‘मिटवून टाक’ काय? तू होतीस ना तिथे? तुझ्यासमोर सांगितलं ना साहेबांनी काकांना, क्लॅम्प काढा म्हणून?… ताई, हो की नाही?…

थांब. मागे कोण खाकरलं?… फोन स्पीकरवर आहे?… कधीपासून?… पहिल्यापासून! आणि तू मला बोलू दिलंस?… नाही, चिडलो नाही. बरंच झालं. फोन त्यांच्याजवळ सरकव.

नमस्कार साहेब. फळी अजून माझ्याकडे आहे, पेन्सिलीच्या अक्षरांसकट. सही मी करणार नाही. काकाही करणार नाहीत, मी आत्ता त्यांच्या घरी निघालोय… ताई, तू नको मध्ये बोलूस. तू पगार घेतेस त्यांचा, मी नाही.

तर साहेब, एकच विचारतो. क्लॅम्प काढा, असं कोणी सांगितलं?… नाही, अहवाल नको. नाव सांगा… मी फोन ठेवत नाहीये… साहेब? कोणी सांगितलं?