दोन्ही कॅमेऱ्यांतला डाग

(रायपूर. तात्यापाऱ्यातलं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान. शालिग्राम, त्यांची मुलगी अस्मिता आणि दुकानदार यशदीप.)

शालिग्राम : नाही म्हणजे नाही. याच्या लेन्समधी बुरशी आहे. मधोमध डाग दिसून राहिला मले.

यशदीप : काकाजी, कालच साफ केला मी. जुना आहे, पण एकदम टकाटक. बॅटरीबी लागत नाही.

शालिग्राम : जिंदगी स्टुडिओत गेली, बेटा. मले बुरशी नको शिकवू. अस्साच होता माझा, गळ्यात लटकवून वरून पाहायचा.

अस्मिता : बाबा, मी तर म्हणते हा नवावाला घ्या ना. फिल्म तीच मोठी, अन् फोकस तो आपोआप करते. तुम्हाले डोळे ताणायचं टेन्शन नाही.

यशदीप : दीदी, सच बोलू? नव्याचं सर्किट उडालं तर पार्ट कुठंच भेटत नाही. जुना मी इथंच खोलून देतो.

शालिग्राम : ऐकलं? अन् तुझ्या आईचा फोटो काय मशीन काढल? गिऱ्हाइकाचा रोल संपवायले म्हणून शेवटचा फोटो तिचा काढत गेलो मी. पदराले हात पुसत उभी राहे बिचारी. आता पूर्ण रोल तिचा. बाराच्या बारा फोटो.

अस्मिता : हव, सकाळपासून साडी काढून बसली आहे. पंडरीच्या कपडा बाजारातून मॅचिंग ब्लाऊजबी आणलं.

शालिग्राम : म्हणूनच डागवाला नको. दे रे, तो नवा पाहू दे... याच्यातबी आहे.

यशदीप : काय, काकाजी?

शालिग्राम : बुरशी. नाही तर सिलतऱ्याच्या कारखान्यात वापरला असल कोणी. काजळी गेली आत.

यशदीप : हे पाहा, मागून खोलला, शटर उघडं ठेवलं, टॉर्च मारला. दीदी, तुम्हीच पाहा.

अस्मिता : साफ आहे, बाबा.

शालिग्राम : अन् जुना?

अस्मिता : तोबी साफ आहे.

शालिग्राम : नीट पाह्य. मधोमध.

अस्मिता : मधोमधच पाहून राहिली. काहीच नाही.

शालिग्राम : मंग दोघांतबी एकाच जागी काहून दिसते?

अस्मिता : बाबा... दुसऱ्या डोळ्यानं पाहून घ्या.

शालिग्राम : दुसरा तर मागच्या वर्षीच गेला, बाई. तुम्हाले सांगितलं नाही मी. त्याचंबी असंच सुरू झालं होतं. कडेनं सारं दिसे, समोरच्याचं तोंड तेवढं दिसत नसे.

अस्मिता : उद्याच दाखवू. डॉक्टर करतील काही तरी.

शालिग्राम : त्यानंच सांगितलं होतं, याले इलाज नाही. हा एक राहिला, सांभाळा म्हणे. कसा सांभाळू? मुठीत धरता येते का?

अस्मिता : मंग नवावालाच घेऊ. तो करल फोकस.

शालिग्राम : अन् ती हसली का नाही, ते कोण पाहील?

यशदीप : काकाजी, बसा जरा. पाणी आणतो.

शालिग्राम : नको, भाऊ. ठेवून दे दोन्ही. चाल, अस्मिता. हात दे.

अस्मिता : आईले काय सांगू?

शालिग्राम : सांग, दोन्ही कॅमेरे खराब निघाले.