दोन लॅपटॉप, एक ठेका

(उंद्री. भागवतरावांची ओसरी. बाजेवर दोन लॅपटॉप शेजारी-शेजारी उघडे, जवळ त्यांची मुलगी सुचिता. समोर भजनी मंडळातले मृदंगवाले माणिकराव मांडी घालून बसलेले.)

भागवतराव : ...म्हणून म्हणतो माणिक, पोरीले आज तुहा गाळा देऊ नको. दिवाळीले माहा रवी आपल्या बहिणीसाठी भारी लॅपटॉप आणणार हाये. मंग उघडंन ती ऑनलाइन कामाचं दुकान.

सुचिता : दिवाळीपर्यंत गाळा रिकामा राहीन का बाबा? मोबाईलवाला रोज काकांच्या दारात येऊन राह्यला.

माणिकराव : त्याले दिवे लागायच्या आत सांगतो म्हटलं हाये. पण लोकाईले पाहायचं काय असते? सातबारा, पीकविमा, पोराईचे निकाल. सुचिताच्या डब्ब्यावर ते होते का नाही, एवढंच बोला.

भागवतराव : तेच तं. यंत्र स्वस्तातलं. समोर बाई तान्हं लेकरू घेऊन उभी, अन् हिच्या पडद्यावर चकरी फिरून राह्यली. माणसाले असं ताटकळत ठेवणं मले पटत नाही.

सुचिता : मंग लावा शर्यत. रवीदादानं तुम्हाले दिलेला त्याचा भारीचा एकीकडे, माझा एकीकडे. नेट एकाच मोबाईलचं. माझा मागं पडला तं मी गाळ्याचं नाव काढत नाही.

माणिकराव : हे बरं झालं. अन् वेळ कशावर मोजू?

भागवतराव : मांडीवर ठेका धर. तुह्या हातापेक्षा खरं घड्याळ उंद्रीत नाही.

सुचिता : सातबाऱ्याचं पान. दाबा बाबा, माझ्यासंगंच.

माणिकराव : धा, दिं, ता... उघडलं बे सुचिताचं. ठेका पुरा व्हायचा होता अजून.

भागवतराव : माह्यावर चकरीच हाये.

माणिकराव : अन् पंखा ऐक त्याचा. थ्रेशर लावल्यासारखा घरघरून राह्यला. झालं, भागवत. घे पोरी, ही गाळ्याची किल्ली.

सुचिता : थांबा काका. हे काही बरोबर नाही. एवढा महागाचा लॅपटॉप असा अडत नसते. बाबा, जरा सरका. अगं माय, हे काय करून ठेवलं? वर टॅब इतके दाटले की एकाचंही नाव वाचता येत नाही.

भागवतराव : कीर्तनं हायेत ती.

सुचिता : सगळी?

भागवतराव : रात्री ऐकता ऐकता डोळा लागते. मंग ते थांबवतो, दुसऱ्या दिवशी नवं लावतो. बंद नाही केलं कधी. कीर्तनातून आरतीआधी उठून जाऊ नये, माहीत हाये ना तुले? बुवा निरूपण करून राह्यले अन् आपण त्याइच्या तोंडावर पडदा टाकावा?

माणिकराव : म्हणजे इतके महाराज आत तोंड उघडं ठेवून उभे हायेत? अन् तू लेकरू घेतलेल्या बाईची काळजी करतो.

भागवतराव : हासू नको बे. माणिक, खरंच उभे राह्यले का रे ते माह्यामुळं?

सुचिता : कोणी ताटकळलं नाही बाबा. पण एवढ्या साऱ्या कीर्तनाचं ओझं एकट्यानं वाहून थकला तो. मी एकेकाची खूण ठेवते. जिथं थांबलं तिथूनच सुरू होईन, शब्दही चुकणार नाही. आरतीपर्यंत ऐका मंग निवांत. करू बंद?

भागवतराव : जराक थांब. हात जोडू दे. ...हं. कर आता.

माणिकराव : पाहा, पंखा निजला.

सुचिता : आता खरी शर्यत. काका, किल्ली तुमच्याकडंच राहू द्या.

माणिकराव : जिंकलेली किल्ली परत करते. भागवत, पोर तुहीच हाये.

सुचिता : पीकविम्याचं पान. दाबा.

माणिकराव : धा, दिं, ता... दोन्ही उघडले. रवीचा नखभर पुढं होता.

सुचिता : मलकापूरच्या गाडीचं आरक्षण. दाबा.

माणिकराव : हात खाली यायच्या आत दोन्ही. आता मले नखभरही फरक दिसत नाही.

भागवतराव : मंग रवीनं एवढा महाग काऊन घेतला?

सुचिता : तो व्हिडिओ कापते, जोडते. तिथं माझा धापा टाकीन. पडद्यावरचं चित्रही त्या लॅपटॉपचं लय देखणं हाये. पण पान उघडून वाचायचं, छापून द्यायचं, एवढ्याले हा पुरून उरते. मी एका वेळेले कामापुरतंच उघडते, बस.

भागवतराव : अजून एक लाव. निकालाचं पान. मले पाहू दे नीट.

माणिकराव : धा, दिं, ता.

भागवतराव : ...हाव. संगंच आले.

माणिकराव : तं किल्ली कोणाच्या हाती देऊ, भागवत? पोरीच्या का मोबाईलवाल्याच्या?

भागवतराव : माह्या हाती दे. मी देतो तिले. घे माय. उद्या सकाळी गाळा झाडून घेऊ, अन् घरचं लाकडी बाकडं नेऊन दारात ठेवू.

सुचिता : बाकडं कायले बाबा? कोणाले थांबा लागणार नाही.

भागवतराव : लोकाईसाठी नाही. मले बसायले.