हरवलं नाही, चोरलं

कोलकात्याच्या आमच्या पोलीस ठाण्यात भाडेकरूची नोंद करायला मी रांगेत उभी होते. माझ्यापुढे सत्तरीच्या निरुपमा सन्याल आणि त्यांचा मुलगा बुबाई. टेबलामागचा हवालदार त्यांना माशीमा, म्हणजे मावशी, म्हणत होता.

"पाकीट हरवलं असं लिहितो, माशीमा. सही केलीत की लगेच नक्कल मिळेल."

"हरवलं नाही. ट्राममध्ये चोरलं."

"मा, कर ना सही. विसरली असशील कुठेतरी. मागच्या महिन्यात गॅस नाही का चालू ठेवलास?"

"गॅस तुझ्या बायकोनं चालू ठेवला होता. घरात भांडण नको म्हणून मी गप्प बसले."

"ते इथं कशाला काढतेस?"

"कारण तेव्हापासून तू मला घराची किल्ली देत नाहीस. बाहेरून आले की तुमची वाट बघत मी पायरीवर बसते. ही पिशवी बघा, हवालदारबाबू."

"हं. ब्लेडनंच कापलीय. पण चोरी लिहिली तर दहा खेपा घालाव्या लागतील, माशीमा."

"घालीन."

"मा, मला दहा वेळा सुट्टी कोण देणार?"

"तुला कोण बोलावतंय? ट्रामचा नंबर मला पाठ आहे, मी एकटी येईन. लिहा, बाबू. चोरलं."