मी नुसतं ‘या’ लिहिलं

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आदरणीय जयतीर्थराव, व्यासपीठावर बसलेले मंदार आणि ऋजुता, समोरची वडीलधारी मंडळी, आणि माझ्या मेसमध्ये पोटभर जेवून वर ‘आमटीत मीठ कमी आहे’ म्हणणाऱ्या सगळ्या पोरापोरींनो, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

या, या. मागं उभे राहू नका, पंख्याखाली खुर्च्या आहेत. ती नको, ती पुढची सोडा. तिच्यावर माझी पिशवी आहे ना? राहू दे तशीच.

हां. तर मला भाषण येत नाही. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. ऋजुता म्हणाली, “मावशी, लिहून काढा, म्हणजे अडखळणार नाही.” लिहून काढलं. कागद हातात आहे. पण चष्मा पिशवीत, आणि पिशवी त्या खुर्चीवर. ती तर मी हलवणार नाही. तेव्हा आता येईल तसं बोलते, गोड मानून घ्या.

जयतीर्थरावांनी आत्ता माझं एवढं कौतुक केलं की आमचे हे दोनदा माझ्याकडं वळून बघत होते, ही बाई कोण म्हणून. ह्यांची अंबत्तूरच्या कारखान्यातली नोकरी संपली, गुरुवारच्या गाडीनं आम्ही कराडला निघालो. अड्यारची मेस बंद. त्यासाठी निरोप द्यायचा तर द्या, मी रडेन आणि जाईन. पण तुम्ही माझा सत्कार केलात तो मेसचा नाही. तुम्ही म्हणालात, ‘मद्रास-मराठी’वर आलेल्या प्रत्येक नव्या माणसाचं स्वागत मावशींनी केलं. आणि ही सागवानी पाटी दिलीत. तिच्यावर पितळेची दोन इंग्रजी अक्षरं, वाय आणि ए. या.

तुम्ही टाळ्या वाजवत होता, आणि मी ती अक्षरं पदराखाली झाकत होते. का, ते सांगते. घाई करू नका, जेवण तयार आहे, मी स्वतः बघून आले.

इथं निम्मे लोक नुसते जेवायला आलेत, त्यांना आधी हे ‘मद्रास-मराठी’ काय ते कळायला पाहिजे. ही कंप्युटरवरची गप्पांची जागा. मंदारनं दोन हजार चार साली सुरू केली. गंमत अशी, की तिला मालक नाही. एक मशीन मंदारच्या घरी तिरुवान्मियूरला, एक ऋजुताकडं वेळाचेरीला, एक अंबत्तूरला, आता कोइंबतूरलाही एक आहे म्हणे. तुम्ही एकावर लिहिलंत की ते मशीन दुसऱ्याला देतं, दुसरं तिसऱ्याला. मला पहिल्यांदा कळेना. मंदार कागदावर गोल आणि बाण काढत बसला. मी म्हणलं, अरे, विरजण! शेजारणीकडनं चमचाभर नेलं, दही लावलं, तिच्याकडनं पलीकडचीनं नेलं. सगळ्यांकडं दही, आणि मूळ विरजण कुणाचं, हे कुणाला माहीत नाही. मंदार म्हणाला, “मावशी, हेच सांगत होतो.” मग एवढे बाण कशाला काढलेस?

जयतीर्थराव, म्हणून तुम्ही आजच्यापुरतेच अध्यक्ष हं. तिथं अध्यक्ष नाही.

पण ज्या घराला मालक नाही, त्या घरात पाहुणा आला तर दार कुणी उघडायचं? आमच्याकडं काय व्हायचं? नवा मुलगा आला. पुण्याहून, नागपुराहून नोकरीला आलेला, गावात कुणी ओळखीचं नाही. तो बिचारा लिहायचा, ‘नमस्कार, मी अमुक, चेन्नईत मराठी जेवण कुठं मिळेल?’ आणि ह्यांची उत्तरं काय? ‘आधी नियम वाचा.’ ‘हा प्रश्न येऊन गेला आहे, जुने निरोप शोधा.’ ‘एवढं मोठं नाव लिहू नका.’ ऋजुता मला हे वाचून दाखवायची आणि हसायची. मला चीड आली. माणूस दारात उभा, पायात चपला, हातात बॅग, आणि तुम्ही त्याला भिंतीवरची पाटी वाचायला सांगता? आधी ‘या’ म्हणा की!

मंदार म्हणाला, “मग तुम्हीच म्हणा.”

म्हणते की, म्हणलं. भिते का काय?

एबीसीडी मला येत होती. दुकानांच्या पाट्यांवरनं शिकले, कारण तमिळ अक्षर एवढ्या वर्षांत डोक्यात शिरलं नाही. एक पोरगा नोकरी बदलून गेला, त्यानं त्याचा जुना कंप्युटर मेसमध्येच सोडला, तो मी पोळपाटाशेजारी ठेवला. मराठी अक्षरं त्यावर उमटत नाहीत, नुसते चौकोन दिसतात. म्हणून सगळे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात. मी एका बोटानं लिहायची. तव्यावर पोळी, एका हातात उलथनं, दुसऱ्या हाताचं एक बोट. वाय, ए. झालं स्वागत. बाकी कुणी वेडंवाकडं लिहिलं, तर त्याला तिथंच दोन शब्द सुनवायची. पोरं आली, जेवली, लग्नं झाली, ‘मावशींचा या’ म्हणून चिडवू लागली, आणि मी फुगले. खोटं कशाला सांगू? फुगलेच होते.

तुम्ही बसा ना बाई, बाळाला घेऊन उभ्या कशाला? अहो, त्या खुर्चीवर नाही! इकडं, ह्यांच्या शेजारी. हे सरकतील.

परवाच्या मंगळवारी मी ह्या कार्यक्रमाचं आमंत्रण देत होते. शरण्याला तुमच्यातले पुष्कळ ओळखतात, बँकेत आहे, दुपारचा डबा माझ्याकडनं नेते. तंजावरकडचं मराठी घराणं, पण चार पिढ्या इथं. मराठी बोलते ती तमिळच्या चालीवर, ऐकायला फार गोड. मी म्हणलं, “शरण्या, तुझ्या ताताला, आजोबांना घेऊन ये. म्हातारं माणूस, चार मराठी माणसांत बसेल.”

“ताता येत नाहींत, आंटी.”

“का? गुडघे दुखतात?”

“गुडघे बेस आहेत. त्यांना येऊं नको म्हटलेत.”

“कोण म्हणलं असं? नाव सांग, बघते त्याच्याकडं.”

तिनं डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, “तुम्हीच की.”

मी म्हणलं, पोरी, तुझ्या ताताला मी जन्मात बघितलेलं नाही. तर म्हणाली, “कंप्युटरांत. ताता पुसले, मी आलों तर उपद्रव होतें काय? तुम्ही ‘या’ म्हटल्यात.”

“मग? या म्हणजे या!”

“या म्हणजे येस, नाहीं काय?”

हसताय? मीपण हसले. मग ती हसत नाही, हे दिसलं, आणि माझं हसू जिथल्या तिथं राहिलं.

ऋजुताला सांगून मी तो निरोप शोधायला लावला. गेल्या दिवाळीच्या सुमाराचा. तिथंच होता. मालक नसलेल्या जागेत काहीच हरवत नाही, आणि काहीच परतही घेता येत नाही. रद्द करायची चिठ्ठी पाठवता येते म्हणे, पण ज्या मशीनला वाटेल ते ऐकणार, वाटणार नाही ते नाही ऐकणार. विरजण लागलं की दह्याचं पुन्हा दूध होत नाही, तसलं ते.

काय लिहिलं होतं ते मला आता पाठ झालंय. चष्मा लागत नाही. त्यांच्या बोलीत अस्के म्हणजे सगळे, हं. ‘माझं नांव तुळजाजी. जॉर्ज टाउनांत कागदाच्या दुकानांत बिलें लिहीत होतों. माझी बायको गोदा होती तंवर घरांत मराठी होतं. ती गेली, आतां अस्के तमिळ बोलतात. रोज तुमचं वाचतों. बेस वाटतें. माझं मराठी जुनं आहे, तुम्हांस हंसूं येईल. मी येऊन लिहिलों तर तुम्हां अस्क्यांना उपद्रव होतें काय?’

आणि त्याच्या खाली माझं उत्तर. वाय, ए.

त्यांनी वाचलं ते ‘येस, उपद्रव होतो’. पुन्हा त्या माणसानं एक अक्षर लिहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी बीच स्टेशनची लोकल गाडी पकडली. जॉर्ज टाउनात हातगाड्यांमधनं वाट काढत, दहा जणांना विचारत, कागदबाजाराच्या मागच्या गल्लीत गेले. दार त्यांनीच उघडलं. मी कोण ते विचारलंसुद्धा नाही. “यावं, अम्मा, यावं,” म्हणाले. मी उंबऱ्यातच उभी. बघा, किती सोपं असतं!

कॉफी दिली. मी ती हातात धरूनच सगळं सांगितलं, की अहो, ते या म्हणजे आमचं या, येस नव्हे, इंग्रजी अक्षरांनी घोळ केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “दुसऱ्यांना तुमचं ‘या’ बघितलों होतों, पण मी तर प्रश्न पुसलों, म्हणून येस वाटलें. दुसरे कोणी लिहिले असते तर मला शंका आली असती. तुम्ही तोंडावर खरं सांगणारी बाई. रोज वाचत होतों ना. दुसरे अस्के गोड सांगतात. ही अम्मा खरं सांगते, म्हणून मी विश्वास केलों.”

रागानं नाही म्हणाले. माझं कौतुक म्हणून म्हणाले.

मला माझ्या फटकळपणाचा फार अभिमान. मेसमध्ये पाटी लावावी इतका. आणि तो इथं असा कामाला आला.

मी म्हणलं, मग आता या. रविवारी कार्यक्रम आहे. तर म्हणाले, “बघतों. आतां जीभ वळत नाहीं, अम्मा. बोलाय कोणी नाहीं, म्हणून मीही सोडलों.” मी उठले. जिना उतरले. गाडीत बसले. घोळ अक्षरांचा होता, माझा नाही, असं मला वाटायला पाहिजे होतं. तसं मी सांगून आले होते. त्यांनी ते मानलंही होतं.

पण ते अर्धंच होतं.

मंदार, तू मघाशी भाषणात म्हणालास की मावशी प्रत्येकाचं मनापासून वाचून उत्तर द्यायच्या. नाही रे. मी त्यांचं वाचलंच नव्हतं. पहिली ओळ बघितली, नवं नाव दिसलं, पोळी करपायला लागली होती, ठोकलं ‘या’ आणि वळले. त्या माणसानं किती दिवस मनात जुळवून ते लिहिलं असेल. गोदाबाईंचं नाव लिहिलं. शेवटी एक प्रश्न विचारला. मी वाचला असता तर त्याचं उत्तर ‘या’ नव्हतंच. त्याचं उत्तर ‘नाही’ होतं. नाही, उपद्रव नाही. दोन अक्षरं जास्त पडली असती. एवढाही वेळ मला नव्हता.

हे मी त्यांच्या घरी बोलले नाही. कॉफी पीत इंग्रजी अक्षरांच्या माथी मारून आले. जी बाई सगळ्यांना तोंडावर खरं सांगते, तिचं तोंड तिथं उघडलं नाही.

आणि तुमचं काय हो? तुम्ही सगळ्यांनी ते वाचलं होतं ना? का तुम्हीपण मावशींचा ‘या’ पडला म्हणजे झालं, असं समजून पुढं गेलात? एकालाही वाटलं नाही, की चला, दोन ओळी लिहाव्यात, तुळजाजीराव, गोदाबाई कुठल्या, त्यांचं माहेर कुठलं? तुम्हाला मी रागवत नाही. रागवायचा हक्क माझा गेला. नुसतं विचारते.

ही पाटी मी परत देत नाही. तुम्ही प्रेमानं केलीत, पैसे घातलेत. कराडला नेईन. पण दिवाणखान्यात नाही लावणार, स्वयंपाकघरात तव्याच्या समोर लावीन, मला दिसेल अशी.

गुरुवारनंतर दारात कोण बसणार, असं ऋजुता विचारत होती. नाव मी सांगणार नाही. मालक नसलेल्या घरात ते काम सगळ्यांचं, म्हणजे कुणाचंच नाही, असं होतं, हे मात्र बघा. जो कुणी करेल, त्यानं माझ्यासारखं पटकन करू नये. उशिरा म्हणा, पण वाचून म्हणा. आणि जॉर्ज टाउन काही लांब नाही. लिहून जे बिघडलं ते लिहून दुरुस्त होईल असं मला वाटत नाही, त्याला माणूसच जायला पाहिजे. मला आता वेळ नाही. बघा, हे वाक्य पुन्हा आलंच माझ्या तोंडात.

असो. जयतीर्थरावांनी अध्यक्षपद स्वीकारलं, मंदार-ऋजुतानं सगळी धावपळ केली, ह्या हॉलवाल्यांनी पंखे चालू ठेवले, आणि आमच्या ह्यांनी एवढा वेळ एकही जांभई दिली नाही, त्या सगळ्यांचे मी आभार मानते. एवढी वर्षं तुम्ही माझ्या हातचं खाल्लंत, माझं बोलणंही खाल्लंत. कुणाला वाढायचं राहिलं असेल, कुणाला जास्तीचं बोलले असेन, तर ते पोटात घाला. मोठ्या मनानं—

शरण्या? तू कधी आलीस? दारात काय उभी राहिलीस, मागं कोण आहे?

अहो… तुम्ही कधीपासनं उभे आहात तिथं? सगळं ऐकलंत?

काय म्हणताय? मोठ्यानं सांगा, पंख्याच्या आवाजात कळत नाही. शरण्या, काय म्हणतात ते?

मंदार, ती पिशवी उचल आधी. उचल म्हणते ना!

नाही हो, तुळजाजीराव. उपद्रव नाही. या.